चिनी वाचणारी मराठी माणसे

लू शून यांची एक कथा आहे, ‘गावचे नाटक’. ती १९२२ साली लिहिली गेली. आजोळी आलेला एक शहरी मुलगा गावातल्या पोरांबरोबर रात्री नावेत बसून शेजारच्या गावी नाटक पाहायला जातो. नाटक तसे कंटाळवाणेच निघते. परतताना पोरांना भूक लागते आणि ती काठावरच्या शेतात शेंगा चोरायला उतरतात. कोणाच्या शेतातल्या चोरायच्या, असा प्रश्न येतो तेव्हा त्यांतलाच एक मुलगा दोन्ही शेते चाचपून पाहतो आणि म्हणतो की आमच्याच घ्या, आमच्या जास्त टपोऱ्या आहेत. ही कथा मी प्रथम इंग्रजीतून वाचली, पुढे हिंदीतून वाचली आणि काही वर्षांपूर्वी, चिनी शिकण्याचा खटाटोप सुरू केल्यावर, शब्दकोश मांडीवर घेऊन अक्षर-अक्षर लावत मुळातून वाचली. मुळात त्या शेंगांचे नाव आहे ‘ल्वोहान-तौ’. ‘तौ’ म्हणजे कडधान्य, आणि ‘ल्वोहान’ म्हणजे अर्हत.

अर्हत हा आपला शब्द. ‘आ-ल्वो-हान’ असे त्याचे चिनी लिप्यंतर झाले, मग वापरून वापरून पुढचा ‘आ’ झिजला, आणि दीड-दोन हजार वर्षांनंतर तो शाओशिंगच्या शेतातल्या एका कडधान्याचे नाव होऊन बसला. मूळ कथेत त्या शब्दाला काहीही वजन नाही. शेंगा चोरणाऱ्या पोरांना त्यात बुद्धाचा शिष्य दिसत नसतो. आपण ‘रामफळ’ म्हणतो तेव्हा आपल्याला कुठे राम दिसतो? भाषांतरात तिथे नुसत्या शेंगा उरल्या तर भाषांतरकाराकडे तक्रारही करता येत नाही. पण भंडाऱ्यात बसून ही कथा वाचणाऱ्या माणसाला त्या शब्दापाशी थांबावे लागते. याच जिल्ह्यात वैनगंगेकाठी पवनी आहे. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या उत्खननात स्तूप सापडला, मुचलिंद नागाचे शिल्प सापडले. अर्हत हा शब्द या मातीत ज्यांच्या तोंडी होता ती माणसे कधीच गेली. शब्द तिकडे, धानाच्या बांधावर, शिल्लक राहिला.

मराठी माणसाने चिनी भाषा आतापर्यंत कशासाठी वाचली, हा प्रश्न मला या शेंगांपासून पडला.

पहिले वाचक अर्थातच पालीचे पंडित. फर्ग्युसन महाविद्यालयाचे पु. वि. बापट यांचा ‘विमुत्तिमग्ग आणि विसुद्धिमग्ग’ हा तौलनिक ग्रंथ १९३७ साली पुण्यात प्रसिद्ध झाला. मूळ ते हार्वर्ड विद्यापीठासाठी केलेले संशोधन. बुद्धघोषाचा ‘विसुद्धिमग्ग’ पालीत उपलब्ध होता. परंतु त्याच्याशी जवळचे नाते असलेला ‘विमुत्तिमग्ग’ हा ग्रंथ मुळात हरवला होता आणि सहाव्या शतकात संघपाल नावाच्या भिक्षूने केलेल्या चिनी अनुवादात तेवढा टिकला होता. बापटांनी तो चिनीतून वाचून पालीशी पडताळून पाहिला. त्यांचे समकालीन वा. वि. गोखले यांनी १९३० साली जर्मनीत उल्लंघाचे प्रतीत्यसमुत्पादशास्त्र चिनीतून जर्मनमध्ये आणले, आणि आर्यदेवाचे ‘अक्षरशतक’ चिनी व तिबेटी साधनांवरून सिद्ध केले. पुढे दिल्ली विद्यापीठातल्या बौद्धविद्या विभागाशी दोघांचाही संबंध आला. या कामाची थोरवी सांगायला मी अधिकारी नाही. चिनी, तिबेटी, पाली, संस्कृत, जर्मन अशा पाच-पाच भाषा एकाच टेबलावर मांडून बसणारी माणसे मराठीत होती, एवढे आठवले तरी आजच्या प्राध्यापकाची मान खाली जाते.

तरीही एक गोष्ट नोंदवायला हवी. या वाचनात चिनी भाषा ही तिजोरी होती. तिच्यात आपले हरवलेले धन ठेवलेले होते. कुलूप उघडायचे, धन घ्यायचे आणि निघायचे. बापटांचा ग्रंथ निघाला तेव्हा लू शून यांना जाऊन वर्ष झाले नव्हते (त्यांचा मृत्यू १९ ऑक्टोबर १९३६चा). चिनी साहित्यात त्याआधीची वीस वर्षे केवढी उलथापालथ चालली होती, याची चाहूल त्या टेबलापर्यंत पोचण्याचे कारण नव्हते. संघपालाची चिनी आणि लू शून यांची चिनी यांत जवळजवळ चौदाशे वर्षांचे अंतर. लिपी तीच, भाषा निराळी. ज्ञानेश्वरी लावता येणाऱ्या माणसाला नामदेव ढसाळ आपोआप लागत नाहीत, तसेच हे.

दुसरा वाचक सोलापूरचा. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची कथा शांताराम यांच्या १९४६च्या चित्रपटामुळे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ती पुन्हा सांगत नाही. काँग्रेसने १९३८ साली चीनला पाठवलेल्या त्या पाच डॉक्टरांच्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते, वयाने सर्वांत ज्येष्ठ, हे मात्र विदर्भातही फारसे कोणाला माहीत नसते. पाचही जणांना चिनी नावे मिळाली आणि प्रत्येक नावाच्या शेवटी ‘ह्वा’ हे अक्षर जोडले गेले. ‘ह्वा’ म्हणजे चीन. कोटणीस झाले ‘ख तीह्वा’. त्यांनी क्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला, १९४२च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला, त्याचे नाव यिन्ह्वा: ‘यिन’ म्हणजे भारत. त्याच वर्षी ९ डिसेंबरला कोटणीस गेले. वय बत्तीस.

भाषेच्या विद्यार्थ्याला यातली वेगळी गोष्ट दिसते. येनानला पथक पोचले फेब्रुवारी १९३९मध्ये. पुढे उत्तरेकडच्या आघाडीवर कोटणीस शस्त्रक्रिया तर करत होतेच, शिवाय वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना चिनीतून शिकवत होते, आणि अखेरच्या काळात शल्यशास्त्राचे पाठ्यपुस्तक चिनीत लिहीत होते. तीन-चार वर्षांत, युद्ध चालू असताना, ना व्याकरणाचा वर्ग ना धड शब्दकोश. ही भाषा त्यांनी जखमी माणसाच्या खाटेपाशी शिकली असणार. अर्हतांची चिनी आणि ‘कुठे दुखते?’ विचारणारी चिनी यांतली निवड त्यांना करावीच लागली नाही. येनानमध्ये तेव्हा लू शून यांच्या नावाची कला अकादमी नुकतीच सुरू झालेली होती. ते नाव कोटणीसांच्या कानावर पडले नसेल हे संभवत नाही. लू शून स्वतः जपानमध्ये वैद्यकाचा अभ्यास करत होते आणि १९०६ साली तो सोडून साहित्याकडे वळले. शरीरे बरी करून काय उपयोग, आधी मने बदलायला हवीत, असे त्यांना वाटले. त्यांनी जो व्यवसाय टाकला तोच घेऊन एक मराठी माणूस त्यांच्या देशात गेला. दोघांची गाठ पडली असती तर काय बोलले असते, हा विचार मी अनेकदा केला आहे. पण अशा कल्पनांना इतिहासात जागा नसते. असो.

तिसरा वाचक मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण तो खरोखरीच भाषेचा विद्यार्थी होता. वसंत वासुदेव परांजपे. भारत सरकारने १९४७ साली शिष्यवृत्ती देऊन जे तरुण पेकिंग विद्यापीठात पाठवले त्यांत ते होते. अवनींद्रनाथ ठाकुरांचे नातू अमितेंद्रनाथही त्यांच्यात होते. हे शिकायला गेले तेव्हा शहर एका राजवटीचे होते. जानेवारी १९४९च्या अखेरीस तिथे दुसऱ्यांचे सैन्य शिरले, आणि १ ऑक्टोबरला नव्या राज्याची घोषणा झाली. एखादी भाषा तुम्ही शिकत असता, आणि शिकता शिकता तिच्यातले रोजचे शब्द बदलतात. काल ‘साहेब’ म्हणायचे, आज ‘कॉम्रेड’ म्हणायचे. कालचे पाठ्यपुस्तक आज चालत नाही. असा अनुभव फार थोड्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतो. अमितेंद्रनाथांनी पुढे १९१८ ते १९३७ या काळातल्या चिनी साहित्यिक वादांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तो आजही कामाचा आहे. परांजपे मात्र परराष्ट्रसेवेत गेले आणि नेहरू व माओ यांच्या १९५४च्या भेटीत दुभाषे झाले.

म्हणजे चिनी चांगली येणारा मराठी माणूस मिळाला, आणि तो लगेच राज्यकारभाराला लागला. यात त्यांचा दोष नाही. नव्या देशाची ती निकड होती. पण आधुनिक चिनी कथा थेट मराठीत आणण्याची जी एक शक्यता त्या पिढीत होती ती अशी सरकली.

१९५४ या सालाला भंडाऱ्याचाही एक धागा आहे. त्या वर्षी मे महिन्यात इथे लोकसभेची पोटनिवडणूक झाली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तीत पराभूत झाले. त्याच्या काही दिवस आधी, २९ एप्रिलला, पेकिंगमध्ये भारत-चीन करार झाला होता. ज्याला आपण पंचशील म्हणतो ती तत्त्वे त्याच करारातली. ऑगस्टमध्ये राज्यसभेत बोलताना बाबासाहेबांनी या पंचशिलावर बोट ठेवले. पंचशील हे बौद्ध धर्माचे महत्त्वाचे अंग आहे, माओंची त्यावर श्रद्धा असती तर त्यांनी स्वतःच्या देशातल्या बौद्धांना वेगळ्या रीतीने वागवले असते, असा त्यांचा मुद्दा होता. राजकारणाचे अभ्यासक या भाषणाची चर्चा करतात ती परराष्ट्रधोरणाच्या अंगाने. मला चिनी शिकताना त्यातली भाषेची बाजू कळली. करारातल्या तत्त्वांना चिनीत जे नाव आहे त्याचा शब्दशः अर्थ ‘शांततामय सहजीवनाची पाच तत्त्वे’ एवढाच होतो. बौद्धांच्या पंचशिलासाठी चिनीत जुना, रूढ शब्द आहे: ‘वू च्ये’. तो त्या नावात नाही. आपण इकडे एक शब्द उच्चारत होतो, त्याला विहाराचा वास होता. पलीकडे त्याच गोष्टीला कचेरीतल्या कागदाचे नाव होते. बाबासाहेबांना चिनी येत नव्हती, तरी फट कुठे आहे हे त्यांनी बरोबर हेरले.

नंतर १९६२ आले. त्यानंतरच्या काळात भारतात चिनीचा अभ्यास थांबला असे नाही. उलट दिल्ली विद्यापीठात चिनी अभ्यासाचे केंद्र १९६४ साली सुरू झाले. पण आता ती शेजाऱ्याची भाषा न राहता शत्रूची भाषा झाली होती, आणि शत्रूच्या भाषेत माणसे वर्तमानपत्रे वाचतात, कथा वाचत नाहीत. साठ-सत्तरच्या दशकांत माओंचे नाव भिंतींवर आले ते आणखी निराळ्या कारणाने, आणि आमच्या शेजारच्या जंगलपट्ट्यात ते पुढे किती वर्षे राहिले हे सांगायला नको. पेकिंगच्या विदेशी भाषा प्रकाशनगृहाची स्वस्त, सुबक पुस्तके त्याच काळात इकडे फिरत. लू शून अनेकांना त्यांतूनच भेटले, यांग श्येनयी आणि ग्लॅडिस यांग यांच्या इंग्रजीतून. भाषांतर उत्तम. पण त्या वाचकाला लू शून हवे होते ते क्रांतीचे साक्षीदार म्हणून.

गो. पु. देशपांडे या सगळ्यांहून वेगळे. चीनचा व्यासंगी अभ्यासक आणि मराठीतला अव्वल नाटककार ही दोन्ही माणसे एकाच देहात होती. ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ (१९७४) ज्याने वाचले आहे त्याला विचारप्रणाली आणि माणूस यांच्यातला ताण मराठी रंगभूमीवर किती नेमकेपणाने आला हे ठाऊक आहे. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात त्यांनी चीन शिकवला. त्यांचे चीनविषयक लेखन प्रामुख्याने इंग्रजीत, राज्यशास्त्राच्या अंगाने झाले. २०१३ साली ते गेले. मला एक रुखरुख आहे, ती त्यांच्याविषयीच्या आदरातूनच येते. लू शून यांची एखादी कथा गोपुंच्या मराठीत आली असती तर? नाटककाराचा कान आणि चिनी जाणणारा डोळा एकत्र असण्याचा योग पुन्हा कधी यायचा?

आता प्रश्न असा की मुळातून वाचल्याने असे काय मिळते, जे यांग दांपत्याच्या इंग्रजीतून मिळत नाही. मी या भाषेत अजून रांगणारा आहे. तरी रांगणाऱ्याला जमीन जवळून दिसते.

‘एका वेड्याची दैनंदिनी’ ही लू शून यांची कथा मे १९१८मध्ये ‘नवतारुण्य’ मासिकात आली. आधुनिक चिनी कथेचा आरंभ तिच्यापासून मानतात. तिला एक छोटी प्रस्तावना आहे. निवेदक सांगतो की माझा मित्र आजारी होता, आता बरा होऊन सरकारी नोकरीसाठी गेला आहे, त्याची ही जुनी वही. मग दैनंदिनी सुरू होते. भाषांतरात हे सगळे एकाच भाषेत असते. मुळात प्रस्तावना अभिजात ग्रांथिक चिनीत आहे, परीक्षा देऊन अधिकारी होणाऱ्यांच्या भाषेत. आणि दैनंदिनी आहे ‘पायह्वा’त, म्हणजे साध्या बोलण्याच्या भाषेत. वेडा माणूस बोलीत लिहितो. बरा झालेला, नोकरीला लागलेला माणूस ग्रांथिक भाषेच्या जगात परत जातो. खरे कोण बोलतो आहे हे भाषेनेच सांगितलेले आहे, आणि ते भाषांतराबरोबर पुसले जाते. याच वेड्याला इतिहासाच्या पुस्तकात नीती-सदाचाराच्या ओळींमधून दोनच अक्षरे सर्वत्र दिसतात: माणसे खाणे. चिनीत ती खरोखर दोनच अक्षरे आहेत, ‘छ रन’. पानावर ती एकदा दिसली की डोळा हलत नाही.

ग्रांथिक विरुद्ध बोली हा झगडा मराठी वाचकाला नवा नाही. संस्कृतात लिहू नका, आमच्या म्हाताऱ्यांना ते कळणार नाही, असे नागदेवाचार्यांनी तेराव्या शतकातच बजावले होते. लीळाचरित्रातले निळभट्ट भांडारेकार तर आमच्याच गावाचे. फुल्यांचा ‘असूड’ (१८८३) आणि चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ (१८७४पासून) शेजारी ठेवली तर चिनी वाचकाला हू श आणि छन तूश्यू १९१७ साली कशासाठी भांडत होते हे समजावून सांगायला वेळ लागणार नाही. म्हणून मी एकदा धाडस केले. प्रस्तावनेचा अनुवाद चिपळूणकरी वळणाच्या मराठीत केला आणि दैनंदिनीची पहिली चार-पाच पाने झाडीबोलीत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्याची ही बोली, साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी तिचा अभ्यास आणि तिची साहित्यचळवळ उभी केली. वर्गात वाचून दाखवले. मुले हसली.

मला प्रथम वाईट वाटले. नंतर कारण लक्षात आले. झाडीपट्टीच्या नाटकांत बोली बहुधा विनोदी पात्राच्या तोंडी असते. नायक प्रमाण मराठी बोलतो. मुलांचा कान तसा तयार झालेला. शिवाय माझीही चूक होती. लू शून यांची पायह्वा ही शाओशिंगची खेडवळ बोली नव्हे. शिकलेल्या माणसाने जाणीवपूर्वक घडवलेली ती नवी गद्यभाषा आहे, तिच्यात जपानी वळणे आहेत, ग्रांथिक शब्दही आहेत. तिला मराठीत समांतर शोधायचे तर ते झाडीबोलीतही नाही आणि पुणेरी प्रमाण मराठीतही नाही. कुठे आहे ते मला अद्याप सापडलेले नाही. भाऊ पाध्यांच्या वाटेवर कुठेतरी असेल.

‘खोंग ई-ची’ या कथेत (१९१९) एक परीक्षा नापास झालेला पंडित दारूच्या गुत्त्यात येतो. लांब झगा घालून उभ्याने पिणारा तो एकटाच, कारण झगेवाले आत बसून पितात आणि उभ्याने पिणारे आखूड कपड्यांतले कष्टकरी असतात. तो ग्रांथिक भाषेत बोलतो, लोक त्याची टिंगल करतात. बडीशेप घालून शिजवलेल्या कडधान्यातल्या ‘ह्वेइ’ अक्षराविषयी तो गुत्त्यातल्या पोऱ्याला शिकवू पाहतो, सांगतो की ‘ह्वेइ’ चार प्रकारांनी लिहिता येते, आणि नख दारूत बुडवून ते लिहून दाखवायला निघतो. पोऱ्या कंटाळून निघून जातो. सगळ्या जगाने या ओळींवर पोथीनिष्ठ विद्वत्तेची थट्टा म्हणून बोट ठेवले आहे, ते रास्तच आहे. पण मोडी वाचायला धडपडलेला आणि आता उतारवयाकडे झुकताना चिनी अक्षरे गिरवणारा मराठीचा मास्तर ती कथा वाचतो तेव्हा त्याला पोऱ्याचा राग येतो. मला ते चारही प्रकार पाहायचे होते.

‘आ क्यू’ची (१९२१-२२) गंमत तर आपल्या लिपीत येतच नाही. नायकाचे नाव कोणत्या अक्षराने लिहायचे हे निवेदकाला कळत नाही. उच्चार ‘क्वेइ’, पण ते एका फुलझाडाचे अक्षर की ‘मौल्यवान’ या अर्थाचे? शेवटी तो चिनी अक्षर सोडून रोमन लिपीतले आद्याक्षरच ठेवतो. चिनी पानावर, चौकोनी अक्षरांच्या रांगांत, ते एकच गोल परके अक्षर शेपूट काढून बसलेले असते. डोके आणि त्यामागे लोंबणारी वेणी, मांचूंच्या राज्यात चिनी पुरुषांना ठेवावी लागे तशी. लू शून यांच्या धाकट्या भावाने ही नक्कल सांगून ठेवली आहे. इंग्रजीत ते अक्षर घरचेच असते, म्हणून दिसत नाही. देवनागरीत त्याचा ‘क्यू’ होतो आणि वेणीच कापली जाते.

मात्र देवनागरी सगळीकडेच हरते असे नाही. रोमन लिपीतून चिनी शिकणाऱ्याची कायमची अडचण म्हणजे महाप्राण आणि अल्पप्राण. आज प्रचलित असलेल्या रोमन पद्धतीत ज्याला ‘ब’ लिहितात तो ‘प’ असतो आणि ज्याला ‘प’ लिहितात तो ‘फ’. आपल्या कानाला हा भेद जन्मतः ठाऊक. क-ख, त-थ, प-फ. म्हणून ‘बीजिंग’पेक्षा ‘पेइचिंग’ खरे. याहून मजेची गोष्ट अशी की मराठीला दोन ‘च’ आहेत, ‘चार’मधला आणि ‘चाक’मधला. चिनीतही हे दोन वेगळे ध्वनी आहेत. आमच्या हिंदी भाषक मित्रांना दुसरा ‘च’ शिकावा लागतो. मराठी मुलगा तो घरून घेऊन येतो. आणि हे नाते अगदीच योगायोगाचे नाही. चिनी पंडितांनी आपल्या भाषेतील व्यंजनांची ओठांपासून कंठापर्यंत वर्गवारी केली ती संस्कृत वर्णमाला शिकलेल्या भिक्षूंच्या प्रभावाखाली. परंपरा त्याचे श्रेय तांग काळाच्या अखेरच्या शौवन नावाच्या भिक्षूला देते. आपण मात्र आजवर चिनी नावे इंग्रजीच्या खिडकीतून घेतली. शाळेच्या पुस्तकातला ‘ह्यु-एन-त्संग’ हा असाच दोनदा सीमा ओलांडून आलेला प्रवासी. त्याने कोसल देशाची जी राजधानी वर्णिली ती चांद्याला की वैरागडला, भद्रावतीला की श्रीपूरला, यावर इंग्रज संशोधक शंभर वर्षांपूर्वीच भांडून गेले.

मो यान यांना २०१२ साली नोबेल मिळाल्यावर ‘लाल ज्वारी’ ही त्यांची कादंबरी आमच्या ग्रंथालयात आली, इंग्रजीत. इंग्रजीत ज्वारीला असलेला शब्द शेतकी खात्याच्या पुस्तकातला वाटतो. मुळात आहे ‘काओल्यांग’, उंच धान्य. शानतुंगचा तो शेतकरी उंच धान्यात लपतो, त्यात प्रेम करतो, त्यात मारला जातो. ज्वारीच्या उभ्या शेतात माणूस कसा दिसेनासा होतो हे अकोल्याच्या, परभणीच्या वाचकाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. आम्ही भंडाऱ्याचे लोक धानाचे, तळ्यांचे. आम्हाला लू शून यांचे शाओशिंग जवळचे: पाणी, बांध, धान, आणि रात्री दूरच्या गावाहून ऐकू येणारे नाटकाचे वाद्य. दिवाळीनंतर इकडे गावोगाव मंडई भरते, रात्रभर दंडार चालते, आणि नाटकापेक्षा परतीचा रस्ताच मुलांच्या लक्षात राहतो.

म्हणून गेल्या हिवाळ्यात पदव्युत्तर वर्गाला मी ‘गावचे नाटक’मधला तो शेंगांचा प्रसंग दिला. प्रत्येक अक्षराचा उच्चार आणि अर्थ फळ्यावर लिहिला, आणि मराठी तुम्ही करा म्हणून सांगितले. बहुतेकांनी ‘शेंगा’ लिहिले. पवनीकडच्या एका मुलीने ‘अर्हताच्या शेंगा’ लिहिले आणि खाली रेघ मारली. मागच्या बाकावरच्या एका मुलाने ‘लाखोरीच्या शेंगा’ लिहिले. धान कापल्यावर त्याच ओल्या बांधीत येणारी लाखोरी. हिरव्या शेंगा दुसऱ्याच्या शेतातून तोडून खाण्याचा अनुभव वर्गात जवळजवळ सर्वांना होता. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते चूक आहे, शाओशिंगचे ते कडधान्य निराळे. पण तो अनुवाद त्याने मोठ्याने वाचला तेव्हा, आमच्याच घ्या, आमच्या जास्त टपोऱ्या आहेत, या वाक्यावर वर्ग हसला तो झाडीबोलीला हसला होता तसा नव्हे. मुलीचा शब्द ठेवावा की मुलाचा, हे अजून ठरलेले नाही. माझ्या प्रतीत समासात दोन्ही लिहून ठेवले आहेत.